संचालकांनी साखर सोडली

माझे सासरे सहकारी साखर कारखान्याचे संचालक होते आणि त्यांच्या उजव्या पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे आमच्या घराला कळायला एक अख्खा दुष्काळ जावा लागला.

जखम कशी झाली हे त्यांनाही ठाऊक नव्हतं. करपलेली ज्वारी जनावरांसाठी कापून घेतली होती आणि रानात नुसती धसकटं उभी होती. त्यातून ते चालत आले, एक धसकट चपलेच्या कडेनं अंगठ्यात शिरलं, आणि ते तसेच घरी येऊन ओसरीवर पेपर वाचत बसले. सासूबाईंनी नुकतीच पुसलेली फरशी पाहिली आणि विचारलं, "अवो, हे रगत कुणाचं?"

"मला काय इचारती? कोंबडी कापली आसंल कुणी."

रक्ताचे ठसे मात्र दारातून थेट त्यांच्या खुर्चीपर्यंत आले होते. त्यांनी पाय उचलून तळव्याकडे असं पाहिलं, जसं काही तो शेजाऱ्याचा पाय आहे.

आमचं गाव चौसाळ्याजवळ, हायवेला लागून. मी बीडच्या कॉलेजात मराठी शिकवत होते आणि रोज एसटीनं जा-ये करत होते, म्हणून त्यांना बीडच्या डॉक्टरांकडे न्यायचं काम माझ्याकडे आलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, मग एक टोकदार वस्तू घेऊन पायाला ठिकठिकाणी टोचून पाहिलं.

"काका, काही कळतंय का?"

"काय कळायचंय?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. साखर बरीच वाढलेली होती, आणि ती बहुधा काही वर्षांपासूनच वाढलेली असावी. पायाची जाणीव गेलेली होती. साखर खाली आली नाही तर जखम भरणार नाही, जखम भरली नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि काढायला सुरुवात केली की ते अंगठ्यापाशीच थांबेल याची खात्री नाही, असं त्यांनी सरळ सांगितलं. गोळ्या लिहून दिल्या. साखर बंद, गोड बंद, बाकीचं खाणं बेतानं.

"चहा?" सासऱ्यांनी विचारलं.

"बिनसाखरेचा प्या ना."

सासरे हसले. "डॉक्टरसाहेब, तुमी एकदा आमच्या कारखान्यावर या."

हे हसणं समजायचं तर आमच्या भागातला चहा समजला पाहिजे. आमच्याकडे चहातली साखर ही चवीची बाब नाही, मानाची आहे. पाहुणा जेवढा मोठा तेवढी साखर जास्त. संचालक आला तर पातेल्यात मूठच उपडी होते. असा चहा नाकारला तर त्याचे दोनच अर्थ निघतात. एकतर तुम्ही त्या घराला कमी लेखता, नाहीतर तुम्ही विरोधी पॅनेलला मिळालात. एका उमेदवारानं पित्तामुळे चहा नाकारला आणि ती सगळी गल्ली त्याच्यावर उलटली, अशी गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात. निवडणुकीचे अभ्यासक याची वेगळी कारणं देतील. गल्लीला विचारलं तर ती चहाच सांगेल. त्यात माणूस साखर कारखान्याचा. त्यानं बिनसाखरेचा चहा मागणं म्हणजे पुजाऱ्यानं देवाला रस्त्यावरूनच हात जोडण्यासारखं होतं.

त्यामुळे सासरे गोळ्या घेत होते आणि गावोगाव फिरून चहाही पीत होते. अंगठ्याला पट्टी बांधलेली असायची आणि ती मावावी म्हणून कॅनव्हासच्या बुटाला पुढून काप दिलेला होता.

पण मला अंगठ्यापेक्षा त्यांच्या डोक्याची काळजी वाटू लागली होती. हा माणूस मूळचा तल्लख. त्यांच्या टोमण्यांना तालुक्यात किंमत होती. ज्याला टोमणा बसायचा तोच तो चार ठिकाणी सांगत फिरायचा. आता मात्र जेवण झालं की बसल्या जागी मान पडायची. दुपार कलली की हात थरथरायचे, कारण नसताना भांडी आदळल्यासारखे ओरडायचे, आणि मग संध्याकाळभर भिंतीकडे पाहत बसायचे. संचालक मंडळाच्या बैठकीतही ते झोपत. तिथे ते कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तिथे झोप हा कामकाजाचाच भाग समजला जातो. गावात मात्र कुजबूज सुरू झाली होती की म्हातारा गेला कामातून.

एकदा मी पाणी नेऊन दिलं तेव्हा ते म्हणाले, "सूनबाई, डोक्यात भुस्सा भरल्यावानी झालंय बघ. बोलायला जातो आन् शब्द सापडत न्हाई."

मी वाचणारी बाई. माणसाला काही झालं की मी पुस्तकांकडे धावते. ग्रंथालयात आहारावरची तीन पुस्तकं मिळाली. एकात गहू हे विष होतं, दुसऱ्यात ज्वारी हे अमृत होतं, तिसऱ्यात धान्य खाणं हीच मानवजातीची चूक होती. तिन्ही पुस्तकांच्या मागे लेखकाचा हसरा फोटो होता. एवढी खात्री असलेल्या माणसांची मला भीतीच वाटते. शेवटी मी डॉक्टरांनाच गाठलं.

ते म्हणाले, "मॅडम, भाकरी असो, चपाती असो, भात असो, पोटात गेल्यावर त्याची साखरच होते. कुणाची लवकर होते, कुणाची सावकाश. बरोबर डाळ, भाजी, ताक असलं की सावकाश होते. नुसता पिठूळ पदार्थ खाल्ला की झपाट्यानं. एवढंच आहे."

"आणि डोकं? चिडचिड, ते सुन्न बसणं?"

"साखर वर-खाली झाली की झोप येते, चिडचिड होते, सुचत नाही. आजारानं माणूस खचतो, तेही आहेच. त्यातलं कशानं किती, हे मला सांगता येणार नाही."

'मला सांगता येणार नाही' असं म्हणणाऱ्या माणसावर माझा विश्वास बसतो. अशी माणसं आमच्या जिल्ह्यात, विशेषतः व्यासपीठावर, फार कमी आढळतात.

अडचण अशी, की दुष्काळ ताटातून जे नेतो ते नेमकं डॉक्टर सांगत होते तेच. आधी पालेभाजी जाते. मग गाय आटते, म्हणजे दूध-ताक जातं. मग डाळ पातळ होत होत पाण्याला पोचते. शेवटी ताटात उरतो रेशनचा गहू, रेशनचा तांदूळ, आणि चहात बुडवायला टोस्ट. पोट भरलेलं असतं, त्यामुळे काही कमी पडतंय असं कुणालाच वाटत नाही. त्या वर्षी निम्मं गाव कोयते घेऊन पश्चिमेकडे ऊस तोडायला गेलेलं होतं. जे मागे उरले त्यांची ताटं मी पाहत होते, सगळी पांढरी.

अशात सासऱ्यांना स्वतःचा उपाय सुचला. डॉक्टर कमी खा म्हणतात ना, मग उपासच धरायचे. एकादशी होतीच. तिला त्यांनी सोमवार, गुरुवार, शनिवार आणि चतुर्थी जोडली. नुसते स्वतःसाठी नाही, तर पावसासाठी. मारुतीच्या देवळात त्यांनी तसं जाहीरच केलं, आणि लोक भारावून गेले. एका दगडात अंगठाही वाचणार आणि पाऊसही पडणार होता.

सासूबाई मनापासून उपासाचं करू लागल्या. साबुदाण्याची खिचडी, तीत बटाटा. शेंगदाण्याच्या कुटाला मात्र हात आखडलेला, कारण दाणे परवडत नव्हते. उकडलेलं रताळं. साबुदाण्याच्या तळलेल्या पापड्या. केळं. आणि चहा तर उपासाला चालतोच. अख्ख्या घराला वाटत होतं की हा माणूस आता काहीच खात नाही. मलाही तसंच वाटत होतं. 'उपास' या शब्दाचा आपल्यावर एवढा दाब असतो, की तो म्हटला की समोरचं ताट दिसेनासं होतं.

जखमेची कड काळी पडू लागली. डॉक्टरांनी गोळ्या वाढवल्या. बाहेर रोग्यांची रांग होती, ते घाईत होते.

"काका, खाण्याचं काय?"

"खातोच कुटं, साहेब. आठवड्यातनं निम्मे दिस उपास."

"गोळ्या चालू असताना उपाशी राहू नका हं."

"उपाशी कुटं राहतो. उपास करतो."

डॉक्टरांनी मान हलवली. पट्टी बदलताना मात्र ते मला हळूच म्हणाले, "महिनाभर पाहू. मग निर्णय घ्यावा लागेल." सासऱ्यांनी ते ऐकलं. परतताना एसटीत ते खिडकीबाहेर पाहत होते आणि बुटातला तो पाय त्यांनी दुसऱ्या पायामागे दडवून घेतला होता.

त्याच सुमारास कारखान्यानं चारा छावणी उघडली. उसाला पाणी नसल्यानं कारखान्याचं धुराडं थंड होतं. जो काही खुरटा ऊस होता तो जनावरांना द्यायचा ठरलं. उद्घाटन मोठं झालं. पुढाऱ्यांचे चेहरे गाईंच्या चेहऱ्यांपेक्षा मोठे छापलेले होते. एका बैलाला हार घालून फीत कापली, भाषणं झाली. भाषणं चालू असताना शेजारच्या गाईनं बैलाच्या गळ्यातला हार खाऊन टाकला. त्या कार्यक्रमाचा खरा लाभ घेतलेली ती एकटीच.

छावणीची जबाबदारी सासऱ्यांकडे आली आणि ती त्यांनी चोख सांभाळली. जनावरांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं की नुसता ऊस घालायचा नाही; बारीक करून कडब्यात मिसळूनच घालायचा. सासऱ्यांनी तो नियम कायदा केला. छावणी हायवेलाच होती, त्यामुळे कॉलेजातून येताना मी उतरून त्यांना सकाळीच घरून बरोबर घेतलेला डबा देत असे. एका शनिवारी मी पोचले तेव्हा ते एका शेतकऱ्यावर त्याच्या बैलापायी उखडले होते.

"काय बे, नुसता ऊस टाकलास फिरून? कडबा कुटंय?"

"मालक, कडबा खाईना त्यो. ऊस दिसला की त्यालाच तोंड लावतंय."

"त्याला कळत न्हाई, तुला तर कळतंय? नुसतं गोड पोटात गेलं की आंबतंय, पोट फुगतंय. उद्या चारी पाय वर करून पडला की मलाच इचारशील, मालक, कावून झालं आसं!"

"आवडीनं खातंय म्हून..."

"आवडीनं खातंय म्हून मरू द्यायचं का? मिसळ आधी."

शेतकऱ्यानं निमूटपणे कडबा मिसळला. सासरे बाभळीखालच्या बाजेवर टेकले आणि मी दिलेला डबा उघडला. आत काठोकाठ साबुदाणा होता, मोत्यासारखा, चकाकणारा. मी डब्याकडे पाहिलं, मग त्या बैलाकडे पाहिलं. बैलाच्या पुढ्यात निदान कडबा तरी होता.

माझ्या नवऱ्यानं नुकतंच घरी साखर तपासायचं यंत्र आणलं होतं. त्या संध्याकाळी सासऱ्यांचं बोट टोचलं. यंत्रानं जो आकडा दाखवला तेवढा मोठा आकडा दवाखान्यातही कधी आला नव्हता. तोही उपासाच्या दिवशी.

"मशीन बिघडलंय," सासरे म्हणाले.

नवऱ्याचं बोट टोचलं, माझं टोचलं. दोघांचेही आकडे शहाण्यासारखे आले.

"मंग चिनी आसंल."

दुसऱ्या दिवशी साधं जेवण होतं: एक भाकरी, मुगाचं वरण, कांदा. त्यानंतरचा आकडा आदल्या दिवसापेक्षा पुष्कळ खाली होता. यावर चिनी लोकांना दोष देणं अवघड होतं. मी सासूबाईंना छावणीतला प्रसंग सांगितला. त्या ऐकत गेल्या, त्यांनी हातातली परात खाली ठेवली आणि त्या ओसरीवर गेल्या.

"बैलाला नुसता ऊस चालत न्हाई म्हनं."

"न्हाईच चालत."

"आन् तुमाला?"

"मी काय ऊस खातो का?"

"साबुदाना खाता. बटाटा खाता. रताळं खाता. वरून धा घरचा चहा पिता. त्यात कडबा कुटंय, सांगा की!"

सासऱ्यांनी पट्टीच्या पायाकडे पाहिलं. ते बारीक आवाजात म्हणाले, "पर पावसासाठी धरलेत उपास. सगळ्या गावासमोर. आता मोडू कसे?"

हा प्रश्न खरा होता. डॉक्टरांचं ऐकायला माणूस बांधील नसतो, पण देवापुढे बोललेलं मोडत नाही. माझ्या पुस्तकांत याचं उत्तर नव्हतं. सासूबाईंकडे होतं.

आमच्याकडे यात्रेला गेलं की एखादा पदार्थ सोडायची रीत आहे. एकदा सोडला की तो खायचा नाही, आणि कुणी आग्रहही करायचा नाही. आग्रह करणाऱ्यालाच पाप लागतं. सासूबाईंनी तरुणपणी पैठणला कारलं सोडलं होतं. कारलं त्यांना कधीच आवडत नव्हतं, पण देवानं त्याची चौकशी केल्याचं ऐकिवात नाही.

"मोडू नका," त्या म्हणाल्या. "बदला. पाऊसपानी नीट होईस्तोवर साखर सोडली, भात सोडला, साबुदाना सोडला म्हना. रोजचाच उपास झाला की त्यो."

"चहा?"

"चहाला कोन न्हाई म्हनतंय? साखर सोडलीय म्हनायचं. कोन काय बोलंल?"

दुसऱ्या दिवशी मारुतीपुढे नारळ फुटला. मी आजवर बऱ्याच व्यासपीठांवरून बरेच संकल्प ऐकले आहेत. अमलात आलेला मी पाहिलेला हा पहिला.

जिथे बिनसाखरेचा चहा म्हणजे अपमान होता, तिथेच आता तो ऐकून यजमान हात जोडू लागले. "मालकानं पावसासाठी साखर सोडली!" ही बातमी कारखान्याच्या सगळ्या गावांत पसरली. संचालकानं साखर सोडावी हे लोकांना इतकं भिडलं, की चेअरमनसाहेब अस्वस्थ झाले. थोड्याच दिवसांत त्यांनीही मंडप टाकून, उसाची कमान उभारून, फोटोग्राफर बोलावून साखर सोडली. कार्यक्रमानंतर पाहुण्यांना पेढे वाटले.

आमच्या घरात मात्र ताट बदलायला लागलं. दुष्काळाला दाद न देणारी एकच गोष्ट परसात होती, शेवग्याचं झाड. त्याचा पाला रोज चुलीवर जाऊ लागला. मटकी मोड आणून उसळ होऊ लागली. भाकरी एकच, आणि ती शेवटी. आधी उसळ-भाजी संपवायची, हा सासूबाईंचा हुकूम. बाजारवारी अंडी. कारळ्याची चटणी. छावणीतल्या आमच्या गाईला थोडं दूध येऊ लागलं तसं ताकही आलं. यात नवीन काही नव्हतं. चांगल्या सालात हे सगळं ताटात असायचंच, फक्त त्याला औषध म्हणत नसत.

अंगठ्यात काही फरक दिसण्याआधीच एक गोष्ट घडली. मी ओसरीवर आहाराचं चौथं पुस्तक वाचत बसले होते. दुपार कलली होती; एरवी या वेळी त्यांचा ओरडा सुरू व्हायचा. ते जवळ आले, पुस्तकाकडे पाहिलं आणि म्हणाले, "सूनबाई, येवढी जाड जाड पुस्तकं वाचलीस, त्यात साबुदाना न्हवता व्हय?"

कितीतरी महिन्यांनी आलेला तो पहिला टोमणा, आणि तो नेमका लागला. मी काही बोलायच्या आत सासूबाई पदर तोंडाशी धरून आत गेल्या. हसत होत्या की रडत होत्या, ते मी पाहायला गेले नाही. मला एवढंच कळलं की सासऱ्यांना शब्द सापडला होता.

महिना भरला तेव्हा सासूबाईंना घेऊन आम्ही बीडला गेलो. डॉक्टरांनी पट्टी सोडली, बराच वेळ जखम न्याहाळली, कडेनं बोट फिरवलं आणि मध्येच जरा दाबलं.

"आयो!" सासऱ्यांनी पाय मागे ओढला.

"दुखलं?"

"मंग काय गुदगुल्या झाल्या?"

डॉक्टर हसले. जखम खालून भरत होती, कडेचा काळेपणा हटला होता. अंगठा राहणार होता. सासूबाईंनी दवाखान्यातच हात जोडले. समोर गणपतीचं कॅलेंडर होतं आणि डॉक्टरही होते, दोघांनाही नमस्कार पोचेल असे.

"औषधानं झालं, का खाण्यानं?" मी विचारलं.

"दोन्हींनी. पट्टीनंही. कशानं किती, ते मला सांगता येणार नाही." मग ते सासऱ्यांना म्हणाले, "काका, हे आता कायमचं सांभाळायचं हं. बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही."

तिथेच मला धास्ती वाटली. कारण नवस कायमचा नव्हता. तो पाऊस होईपर्यंत होता.

आणि पुढच्या सालात पाऊस झाला. ओढे वाहिले, छावणी उठली, ऊस तोडायला गेलेली माणसं परत आली होती आणि रानात पेरण्या चालल्या होत्या. एके सकाळी गावातले लोक पेढ्यांचा पुडा घेऊन ओसरीवर हजर झाले. मालकाचा नवस फेडायचा होता. सासूबाई दाराआड उभ्या होत्या. मी त्यांच्या मागे. सासऱ्यांच्या अंगठ्याची पट्टी जाऊन बरेच दिवस झाले होते.

"मालक, तोंड उघडा. तुमच्या पुण्याईनं पाऊस झाला."

सासऱ्यांनी पेढ्याकडे पाहिलं. खव्याचा होता, वेलदोडा घातलेला. त्यांना पेढा फार आवडत असे.

"किती झाला?"

"लई झाला की मालक! वढा दुथडी."

"धरन भरलं का?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. "धरन... धरन न्हाई भरलं अजून."

"हिरी?"

"हिरी अर्ध्या हायत."

"मंग?" सासरे म्हणाले. "मी पाऊसपानी नीट होईस्तोवर म्हनलंतं. ह्याला नीट म्हनता का तुमी?"

पाऊस नीट झाला, आता पुरे, असं म्हणणारा माणूस बीड जिल्ह्यात अजून जन्मायचा आहे. सासऱ्यांनी आपला अंगठा त्या भरवशावर ठेवला होता.

त्यांनी पुडा घेतला, सगळ्यांना एकेक पेढा वाटला, एक माझ्या हातावर ठेवला आणि हात धोतराला पुसले. मग चपला उचलल्या, उलट्या करून आपटल्या, आत बोट फिरवून खडा-काटा नाही ना ते पाहिलं, डॉक्टरांनी शिकवलं होतं तसं, आणि पायात घालून धरणात पाणी कुठवर आलंय ते बघायला निघाले.